रंगवलेलं दार

महिनाभराच्या रंगकामाचा परत आलेला चेक हातात धरून रंगारी बँकेच्या रांगेत उभा होता. चेक देणारे साहेब नेमके त्याच्याच पुढे, पाठमोरे, शेजाऱ्याचं गाऱ्हाणं ऐकत होते.

"भाडेकरूचा चेक परत आला हो!"

"फोन केलात?"

"केला. म्हणतो, खात्यात पैसे टाकायला विसरलो."

"जेवायला विसरतो का? सरळ लेखी नोटीस द्या. पंधरा दिवसांची मुदत, बँकेचा दंडही त्याच्याच माथी."

"गयावया करत होता बिचारा."

"सोंगं हो! मी तर चेकची झेरॉक्स असल्यांच्या दारावर चिकटवतो. चार लोकांनी वाचली की पैसे आलेच."

रंगाऱ्याने मागून हळूच विचारलं, "साहेब, तुमच्या दाराला तेलरंग मीच दिलाय. त्यावर झेरॉक्स कशानं चिकटवू?"