प्रदक्षिणा घालणारा उंदीर

मी, दत्तात्रय नागनाथराव बिरादार, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार संतपूर. चहा घेता घेता ऐका. ही गोष्ट आणीबाणीनंतरच्या गणेशोत्सवातील आहे.

आमच्या घरच्या गणपतीपुढे एक लहानसा उंदीर भरदिवसा गोल गोल फिरू लागला. त्याचे डोके घुमटासारखे फुगलेले होते. तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या शेजारच्या गंगाक्काने हात जोडले.

"अण्णा, हाकलू नका. देवाचं वाहन हाय, प्रदक्षिणा घालायलंय."

"अक्का, ही भक्ती नव्हे, व्याधी आहे," मी म्हणालो. "मी मासिकात वाचले आहे. मेंदूच्या पोकळ्यांत अतिसूक्ष्म केस असतात. ते एका लयीत हलून आतले पाणी पुढे सरकवतात. काही उंदरांत ते जन्मतःच सदोष असतात. मग पाणी साठते आणि डोके फुगते."

"तुमचं वाचन देवालाबी सोडंना," ती हसली.

तेवढ्यात उंदीर थांबला आणि मुलाकडे तोंड करून बसला. मुलाची बुबुळे खाली ओढलेली होती. वर नुसते पांढरे दिसत होते. गंगाक्काचे हसू मावळले. तिने मुलाच्या टोपड्याचा बंद सोडला.

"अण्णा," ती हळूच म्हणाली, "ह्याला शिवलेलं टोपडं पंधरा दिवसांत बसंना व्हायलंय. कामून?"

उंदीर पुन्हा फिरू लागला.

दुसऱ्याच दिवशी मुलाला हैदराबादला नेले. डॉक्टरांनी मेंदूत साठलेले पाणी नळीने उतरवले. मूल वाचले, मात्र फार उशिरा चालू लागले. तेव्हापासून आमच्या गल्लीत तान्ह्या मुलांचे डोके दर महिन्याला दोऱ्याने मोजतात.