निम्मं रॉकेल

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात औंधच्या वाटेवर उतारूंनी भरलेली भाड्याची व्हॅन तिसऱ्यांदा बंद पडली. मागच्या बाकावर रंगूबाई लेकीला पोटाशी धरून बसली होती. पुढं ड्रायव्हर कृष्णात आणि एक अनोळखी म्हातारा बोलत होते.

“टाकीत काय घातलंयस रं?”

“निम्मं रॉकेल. पेट्रोल लय महागलंय, नाना.”

“मग साखर कारखान्याचं स्पिरिट घालायचं.”

“त्यानं रबरी नळ्या कुजत्यात. डिझेलचं इंजिन बरं, पर मिळतंय कुठं?”

“आन् ह्यो वास?”

“जादाचा डबा हाय. मागं, बाकाखाली.”

रंगूबाईनं वाकून पाहिलं. लेकीच्या परकराचा काठ ओला झाला होता.

“आवं डायवर, डबा गळतोय!”

“भिऊ नगा, मावशी. रॉकेल असं पेटत न्हाई.”

“मग तुमी बिडी का इझवली?”

कृष्णातनं विझलेली बिडी कानामागं खोचली. रंगूबाई लेकीला घेऊन उतरली. तिच्यामागं सगळे उतरले, म्हाताराही.

कृष्णातनं डबा लांब नेऊन ठेवला.

“आता तरी बसा की!”

“आदी चालू कर, गड्या. मग बसतो.”

कृष्णात गाडीत बसला आणि त्यानं किल्ली फिरवली. दार उघडंच होतं, अन् त्याचा एक पाय बाहेर रस्त्यावर होता.