बारा सांधे, एक ढिला

—नाय नाय, तो डबा परत ठेवा विपुलशेठ, ते टेम्पोच्या स्टेरिंगचे सांधे हायत, मी बगितले. वरच्या खणातले काढा. कशाला पायजेत? मिलिंग मशीनला. हसताय काय? मासळी विकणारी बाई मिलिंग मशीन बोलली म्हणून? हसा. आमचा म्हातारा, माजा नवरा, तुमाला म्हाईत हाय—नवापूरचा जानू फिटर, तीस वर्सं कारखान्याच्या टूलरूममदी होता—त्यानं पडवीत केलंय मशीन, घरच्या घरी. वर लोखंडी चौकट, तिला सहा पाय टांगलेले, खाली तबकडी, तबकडीला मोटर आणि कटर. पाय लांबले-आखडले की कटर पायजे तिकडं जातो, कलतो, वळतो. होडीच्या पंख्याचा लाकडी साचा काढायचाय त्यावर. आता पाय सहा, आणि दोन्ही टोकांना एकेक सांधा—किती झाले? बारा. त्यातला एक जरी ढिला असला ना, मेलो आपण. परवा गोल कापायला घेतला, बटाटा निघाला! म्हातारा बोलतो, मोटर थरथरते. मोटर! मी नुसती बोटं लावली, तर पायात कटकट, कटकट.

नाय, ते क्रॉसवाले नकोत, आणले होते आदी. वळतात भरपूर, पण एकेकात दोन-दोन पिना, जितक्या पिना तितका प्ले, तितकी ढिलाई. चुंबकाचे? तेपण झाले हो! जुन्या स्पीकरची चुंबकं, त्यावर स्टीलची गोळी—प्ले अजिबात नाय, लोण्यासारखं फिरायचं. पण कटर जरा अडला की पाय सुटून लोंबकळायचा. वर माजा कोयता! ओट्यावर ठेवला तर ओट्यावर राहील ना? नाय, जाऊन मशीनला चिकटायचा. तीन दिवस मशीनकडून कोयता मागून आणून मासळी कापली मी. चौथ्या दिवशी चुंबकं विहिरीत पडली. कशी पडली? पडली. तुमाला काय करायचंय?

हां, हे! हे डोळेवाले, मदी गोळी, मागं आट्यांची दांडी. सगळे ओता काउंटरवर. अहो ओता, खात नाय मी. चिंबोरी म्हणा, खेकडा म्हणा, घेताना पाय दाबून बगतात ना, भरलेली हाय का पोकळ—तसंच हाय हे. धरायचं, दाबायचं, डोळे मिटायचे. हा पोकळ. हा पोकळ. हा—हा बरा हाय, हा इकडं. ह्याची गोळी कडक हाय पण जरा कलली की लगेच कडेला आपटते, नको. हा इकडं. तुमी पेपर वाचा, मला वेळ लागेल.

आता ऐका. संध्याकाळी म्हातारा स्वतः येईल. हे बारा मी काढले असं बोलायचं नाय, समजलं? मुंबईहून नवीन माल आला बोला. तो बोटं लावेल आणि बोलेल, झकास, एकदम घट्ट. ढिला दिला तरी घट्टच बोलेल. का म्हणजे? त्याला… जाऊ द्या. नाय, बोलते, आता तोंडातून निघालंच हाय. साखरेनं त्याची बोटं गेली हो. बधिर. परवा चुलीवरचा टोप उचलून माज्या हातात दिला, मला फोड आला, त्याला पत्ता नाय. हीच बोटं, शेठ! कागदाएवढा फरक बोट फिरवून सांगायचा, साहेब लोक मागनं मापायची डायल लावून बगायचे आणि मान हलवायचे. वाईट वाटतं मला, लय वाईट वाटतं. दोन महिने झाले, तो सांगत नाय, मी विचारत नाय. आणि रविवारी त्याच्या टूलरूमचा प्रदीप येतोय मशीन बगायला. त्याच्यासमोर बटाटा निघाला ना, तर म्हातारा परत त्या मशीनला हात लावायचा नाय. कशालाच लावायचा नाय. मी वळखते त्याला.

काय झालं? असं तोंड का केलंत? काय… सकाळी येऊन गेला? आज सकाळी? काय बोलला? 'माजी बायको येईल'—हां? 'तिला सगळा माल दाखव, ती बाजूला काढेल ते बारा माज्यासाठी ठेव'? मेल्या! म्हणजे काल जेवताना 'बोईसरला जाऊन सांधे आणतो' चारदा बोलला तो मला ऐकवायला! आणि बोटांचं? तेपण सांगितलं तुमाला? आणि मला बोलू नका बोलला—आणि तुमी बोललात? काय माणूस हाय तुमी!

हसू येतंय मला. नाय, रडत नाय, हसतेय. चाळीस वर्सं संसार माज्यासंगती, आणि दुखणं सांगितलं बेरिंगच्या दुकानदाराला.

थांबा. बांधू नका. त्यातला एक काढा. आता हा टाका—हा, सगळ्यात ढिला. फसवणूक कसली? मी सांगतेय ना! कान शाबूत हायत त्याचे, मशीन लावलं की कटकट ऐकू येईल. पण कुठला सांधा, ते काय बोटांना कळायचं नाय. मंग येऊ दे ओट्यापाशी. तोंडानं बोलू दे, 'नलू, जरा हात लाव गं.' तेवढंच पायजे मला. बोलला की चांगला बारावा माज्या कनवटीला हाय, काढून देते.

आणि ह्यातलं एक अक्षर त्याला कळलं ना विपुलशेठ, तर उद्यापासून तुमच्या दारात बोंबील वाळत घालते. जैन म्हणून सोडायची नाय.

काय? आणि नाय बोलला तर?

बांधा हो, बांधा. मागं गिऱ्हाईक उभं हाय तुमचं.