आणि बोलायचं नाही!

बोलायचं नाही म्हणे! अहो, तुम्हाला सांगतो, माणसाला उपाशी बस म्हणा, उन्हात उभा राहा म्हणा, पण अख्ख्या दुकानाला एका खोलीत कोंडायचं, प्रत्येकाच्या हातात रंगीत चिठ्ठ्यांचा गठ्ठा द्यायचा, समोर कोरी भिंत... आणि बोलायचं नाही? ही सभा झाली की शिक्षा? नाही नाही, उठू नका, बसा, मी सांगतो ना सगळं पहिल्यापासून.

तर हे आपलं दुकान. बॅगांची दुरुस्ती. चाक निखळलं, चेन अडकली, दांडा वर आला तो खाली जाईना, काय वाट्टेल ते घेऊन या. पुढे काउंटर आणि काउंटरवर मी, माझी मिशी काळी होती तेव्हापासून मी! मागे शिलाईमास्तर आणि त्यांचं ते मशीन. मशीन आपलं म्हणायचं, आवाज असा की उतारावरून दगडांची गाडी सोडली असावी. आणि मास्तर स्वतः? तोंडातून शब्द काढतील तर शपथ! मी आल्या आल्या तब्येतीचं विचारतो, त्यांच्या जावयाचं विचारतो, आणि हा माणूस दातांत दोरा धरून नुसता "हं." "हं" हे काय उत्तर झालं? असो.

तर गिऱ्हाईक तुटायला लागलं. एकदा आलेला माणूस पुन्हा फिरकेना. मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "एक तर कारण शोधा, नाहीतर काउंटरवर मी यंत्र बसवतो. बटण दाबा, पावती घ्या, संपलं." माझ्या खुर्चीवर यंत्र! या वयात मी जाऊ कुठे? मागे गोदामात खोकी लावू? खोक्यांशी बोलू?

तेवढ्यात मालकांची मुलगी पुढे झाली. बाहेर कुठेतरी शिकून आलीये. "काका," म्हणते कशी, "भांडून कारण सापडत नाही. मनात येईल ते लिहायचं, एका चिठ्ठीवर एकच गोष्ट, कुणाचंही नाव घालायचं नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या भिंतीवर. आणि ज्या एकमेकींजवळ असाव्यात असं वाटतं, त्या जवळ न्यायच्या. का वाटतं ते विचारायचं नाही, हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा." मी म्हटलं, "बरं, आणि कुणी चुकीच्या जागी लावली तर सांगायचं कुणाला?" तर हसली. "सांगायचं नाही काका, उचलायची आणि हलवायची. कुणीही कुणाचीही हलवावी. फक्त बोलायचं नाही."

झालं! लागलो सगळे भिंतीला. आधी पंधरा-वीस चिठ्ठ्या असतील असं वाटलं होतं, तर भिंत दिसेना. हिशेबाच्या ताई डाव्या बाजूला काहीतरी जमवत होत्या. मी मान लांब करून वाचलं: 'तासभर थांबावं लागतं.' 'बाकावर बसून माणसाने करायचं काय?' 'अर्ध्यातून उठून जातात.' 'नुसते भिंतीकडे बघत बसतात.' मला एवढं सुचलं, एवढं सुचलं त्यावर! जीभ नुसती टाळूला आपटत होती. तोंड उघडलं की मुलीचं बोट ओठांवर. बोलायचं नाही!

मग माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. भिंतभर विखुरलेल्या चिठ्ठ्या, वेगवेगळी अक्षरं, पण सूर एकच. 'सकाळपासून सुरू असतं.' 'कान किटतात.' 'मध्येच बंद करता येत नाही.' 'गिऱ्हाईक सांगतं एक, ऐकूच येत नाही.' मी मनात म्हटलं, वा रे वा, एकटा मीच नाही, सगळेच या मशीनला विटलेत! मग काय, हात जाईल तिकडे जाऊ दिला की मी. वरची काढ, खालची काढ, एकेक वेचून आणली आणि उजव्या कोपऱ्यात असा सुंदर गठ्ठा लावला म्हणून सांगू, रांगोळी काढावी तसा! मास्तर मागे हाताची घडी घालून बघत होते. मी त्यांच्याकडे बघून जरा मानही हलवली, म्हणजे, वाईट वाटून घेऊ नका, पण जनतेचा कौल आहे.

एकच चिठ्ठी त्रास देत होती. 'बंद असलं की मात्र करमत नाही.' आता मशीन बंद असलं की कुणाला करमत नाही? मास्तरांशिवाय कुणाला? ठेवली माझ्या गठ्ठ्यात. ताईंनी उचलून त्यांच्यात नेली, 'करमत नाही' दिसलं ना! मी परत आणली. त्यांनी परत नेली. मी आणली, आणि चिकटवून वर तळहात दाबून उभा राहिलो! तर मागून मास्तर आले, माझा हात शांतपणे बाजूला केला, चिठ्ठी सोडवली आणि दोन्ही गठ्ठ्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत लावली. मी त्यांच्याकडे बघतोय, ते माझ्याकडे बघतायत... आणि बोलायचं नाही!

शेवटी मुलीने टाळी वाजवली. "आता बोला. प्रत्येक गठ्ठ्याला नाव द्या." मी कुणाची वाट बघतो काय? "मशीन!" मी ओरडलो. "हा उजवा गठ्ठा म्हणजे मास्तरांचं मशीन! एवढ्या लोकांचं म्हणणं आहे, मी नाही म्हणत, काढून टाका ते!"

आणि तुम्हाला सांगतो, मघापासून बोलायची बंदी होती तेव्हा सगळे चुळबुळत होते, आता परवानगी मिळाली तर एक जण तोंड उघडेना. मालक छताकडे बघतायत, ताई नखं बघतायत. मग मास्तरांनी दातांतला दोरा काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. पुढे आले, माझ्याच गठ्ठ्यातल्या माझ्याच हाताने लावलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, 'चहा पाजला की आणखी जोरात चालतं', आणि म्हणाले, "मशीनला चहा कोण पाजतं?"

...

मी परत वाचायला लागलो. पहिल्यापासून. सकाळपासून सुरू असतं. कान किटतात. मध्येच बंद करता येत नाही. अहो, माझ्या हाताने वेचल्या होत्या हो मी, एकेक! लाज वाटली. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. वाटलं, आता यंत्र येणार आणि मी खोक्यांत जाणार. आणि तसाच उभा असताना ती मधली चिठ्ठी दिसली. बंद असलं की मात्र करमत नाही. कोपऱ्याला मेणाचा डाग. आमच्याकडे दोऱ्याला मेण कोण लावतं? मी मास्तरांकडे बघितलं, तर त्यांनी दोरा परत तोंडात घातलेला.

मुलगी मात्र मागे सरून भिंतीकडे बघत होती. डावीकडे बघे, उजवीकडे बघे, मधल्या चिठ्ठीकडे बघे. मग म्हणाली, "बाबा, इकडे लोकांना करमत नाही. आणि तिकडे काका बंदच होत नाहीत." मालक हळूहळू हसायला लागले. दुसऱ्या दिवशी काउंटरवर यंत्र आलं आणि माझी खुर्ची उचलून ठेवली इथे. या बाकासमोर.

तेव्हापासून हे असं! आधी मी बोलायचो ते हौस म्हणून हो. आता नोकरी आहे. थांबायची सोय नाही. परवा घोटभर पाणी प्यायला गप्प झालो, तर मास्तर आतून डोकावले, "हं?" घरी जातो तेव्हा जीभ उचलत नाही. बायकोने आधी कपाळाला हात लावून ताप बघितला, मग कारण कळल्यावर म्हणाली, "त्या मुलीला एकदा जेवायला बोलवा."

काय म्हणता? बॅग? थांबा, विचारतो. मास्तर, झाली का हो यांची बॅग?

"हं."

म्हणजे नाही झाली. बसा. आता तुम्ही म्हणाल... छे छे, तुम्ही बोलायचं नाही. माझी कुठे सुटका आहे?