बदलीवर आलेली बाई

सासू : बॅग त्या हातात घेऊ नकोस, हे गाडीत बसल्यापासून सांगतेय. माझं न ऐकण्याची काही शपथ घेतलीयस का?

सून : दुसऱ्या हातात तुमची पिशवी आहे, आई.

सासू : मग पिशवी दे इकडे.

सून : तुमचे गुडघे दुखतात ना?

सासू : ते तुझ्या नवऱ्यापुरते. इथं नाही दुखत.

सून : त्यांना खरंच वाटलं असेल का हो, की आपण डॉक्टरांकडे गेलोय?

सासू : का नाही वाटणार? इतकी वर्षं कण्हतेय मी, एकदा दाखवायला नेलं नाही त्यानं. बरंच झालं म्हणायचं. या गुडघ्यांनी जन्मात पहिल्यांदा कुणाचं तरी भलं केलं.

सून : आणि संध्याकाळी तुम्ही एकट्याच घरी गेलात की?

सासू : तेव्हा तू पाण्यावर असशील. पाण्यावर त्याचा हात पोचत नाही. माझं मी बघीन. तू आधी त्या दुसऱ्या स्टेशनावर कसं जायचं ते बघ. आपली गाडी शहराच्या या टोकाला आणून टाकते, आणि बंदराची गाडी त्या टोकाहून सुटते. ज्यानं बांधलं त्याला सासू नसणार. असती तर एका जागी बांधून घेतलं असतं तिनं.

बॅगवाली : बंदराच्या गाडीला का, मावशी? मी तिकडेच चाललेय. ही समोरची ट्राम घ्या. ताई, तुम्ही चढा आधी, बॅग मी देते वर.

सासू : आम्ही कुणाला विचारलं नव्हतं, बाई.

बॅगवाली : नाही विचारलंत. पण तुमच्या बॅगेला लाल पट्टी दिसली. ही बघा, माझ्याही बॅगेला तीच. एकाच बोटीची.

सून : अय्या, हो की! आई, ह्यापण आपल्याच बोटीवर. चला ना, चढा.

सासू : चढते, चढते. हात नको धरूस. हं, आता सरक जरा आत. तुला बाई, रस्ता अगदी तोंडपाठ दिसतो.

बॅगवाली : झालाय पाठ. बोट लागली की यावं लागतं. आपण बाजारापाशी उतरायचं, तिथून नदीखालच्या बोगद्यातून पायी पलीकडे. बोगद्यातून वर आलं की समोरच स्टेशन. टॅक्सीच्या नादाला लागू नका. या वेळेला भरतीचं पाणी असतं, मालाच्या बोटी आत येतात आणि त्यांच्यासाठी पूल वर उचलतात. मोटारी मग अडकून पडतात.

सून : आणि ही गाडी चुकली तर?

बॅगवाली : दुसरी आहे की. पण ती पोचेपर्यंत बंदराचं गेट बंद झालेलं असतं. मनगटाला काय झालं, ताई?

सासू : घसरली. नळापाशी.

सून : मोडलं होतं. घरी.

बॅगवाली : हं. काम जमेल ना त्या हातानं?

सून : कात्री धरता येते. मान चोळायला अजून जरा... पण एजंटसमोर केलं मी सगळं. दुखलं, पण तोंडावर दिसू दिलं नाही.

बॅगवाली : ते एक जमलं की बोटीवर सगळं जमतं म्हणतात.

सासू : तू कसलं काम करतेस गं?

बॅगवाली : हेच. केस, नखं, चेहरा.

सासू : ही पण तेच करते. चांगलं झालं, सोबत होईल. बोटीवरच्या त्या सलूनात बायका किती असतात म्हणायच्या?

सून : आई, फोन वाजतोय. त्यांचा.

सासू : वाजू दे.

सून : फार वेळ वाजला तर चिडतात.

सासू : डॉक्टरांच्या खोलीत फोन घेत नाहीत. एवढं त्यालाही कळतं. गप्प बस. हां, बंद झाला बघ. तर काय विचारत होते मी? सलूनात बायका किती?

सून : मोठ्या बोटींवर असतात चार-पाच. या बोटीवर एकच आहे. एजंट म्हणाला ना मला, सगळं तुम्हालाच सांभाळायचंय.

सासू : एकच. आणि इथं बसल्यात दोन. काय गं, बाई? माझं गणित कच्चं आहे, की तुझ्या बॅगेची पट्टी खोटी?

बॅगवाली : गणित बरोबर आहे, मावशी. मी बदली.

सून : म्हणजे?

बॅगवाली : पहिली बाई आली नाही तर कोण? म्हणून एजंट प्रत्येकीच्या मागे एक बदली ठेवतो. मी बॅग भरून यायचं, गेटबाहेर बाकावर बसायचं. पहिली आत गेली की उठायचं आणि घरी जायचं. येण्याजाण्याचं भाडं तेवढं देतो. बोटी बऱ्याच लागल्या, पण बायका वेळेवर येतात हो.

सासू : म्हणजे ही पोचली नाही तर तू चढणार.

बॅगवाली : हो.

सासू : आणि तू हिला वाट दाखवतेयस.

बॅगवाली : हो.

सासू : आधी नाही बोललीस ते.

बॅगवाली : तुम्ही विचारलंत तेव्हा बोलले. आधी बोललं की लोक बॅग उचलून पलीकडच्या बाकावर जाऊन बसतात.

सून : तुम्हाला... वाटत नाही का, की मी पोचू नये?

बॅगवाली : वाटतं की. खोटं कशाला बोलू? प्रत्येक बोटीला वाटतं. पहिल्या बाईला ताप यावा, तिची आई पडावी, काहीही व्हावं. आता तुमच्या मनगटाकडे बघूनही क्षणभर वाटून गेलंच. मनात काय यावं ते माझ्या हातात नाही, ताई. वाट खरी सांगावी की खोटी, एवढं आहे.

सासू : बोलतेस छान. कीर्तनाला उभं राहावंस तू.

सून : आई!

सासू : अगं, तारीफ करतेय तिची. तुझ्या घरी कोण असतं गं?

बॅगवाली : वडील असतात. बिछान्यावर. आणि भाऊ आहे, तो असून नसल्यासारखा. आज मी परत गेले की भावजय दारातच विचारेल, आलात का जग फिरून? ठरलेला विनोद आहे तिचा. हसते मी पण.

सून : मी नाही पोचले, तर पुढच्या बोटीला मला बदली म्हणून घेतील का?

बॅगवाली : नाही. न पोचलेल्या बाईचं नाव कायमचं काटतात. बदलीलासुद्धा उभं करत नाहीत. चला, बाजार आला. मावशी, सांभाळून, पायरी उंच आहे.

सासू : हा तुझा बोगदा?

बॅगवाली : हा.

सासू : आत दिवा दिसत नाही एक.

बॅगवाली : वळणानंतर आहेत. थोडा वास येतो, खाली पाणी असतं. पण वाट एकच आहे.

सासू : माणूसही दिसत नाही.

बॅगवाली : सकाळी असतात कामावर जाणारे. आत्ता कोण येणार? चला, वेळ आहे तोवर.

सासू : तू हो पुढे.

सून : आई, वेळ नाहीये.

सासू : माझे गुडघे दुखायला लागले. मी घटकाभर टेकते. तू हो पुढे, बाई, आम्ही येतो मागून.

बॅगवाली : मावशी, मी बॅग घेते ताईंची, त्या तुम्हाला हात देतील.

सासू : बॅगेला हात लावू नकोस!

बॅगवाली : बरं. नाही लावत. ताई, मी निघते. तुम्ही याल तशा या. पण बोगद्यातूनच या.

सून : कसं बोललात तिच्याशी! पुढच्या जन्मीसुद्धा एवढं चांगलं कुणी भेटणार नाही.

सासू : चांगलं? जी बाई तुझ्या जागेवर डोळा ठेवून बसलीय, ती तुला अंधाऱ्या बोगद्यात नेतेय, आणि तुझी बॅग हातात मागतेय. त्या बॅगेत तुझे कागद आहेत. वळणावर दोन माणसं उभी असली म्हणजे? तू बोंब मारलीस तर ऐकायला कोण आहे? आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ते असंच.

सून : तुम्हाला कुणाचाच भरवसा नाही.

सासू : ठेवला होता एकदा. माझ्या पोराचा. त्याच भरवशावर तुला सून करून आणली. टॅक्सी! ए, टॅक्सी! बस आत. सरळ स्टेशन, दादा, पुलावरून.

(पुलाच्या अलीकडे, थांबलेल्या टॅक्सीत.)

सून : वर चाललाय. आई, बघा, रस्ता उभा राहिला. अख्खा रस्ता.

सासू : किती वेळ लागेल म्हणाला हा?

सून : बोटी गेल्यावर. तीन दिसतायत. एकीमागे एक.

सासू : तिला हे माहीत होतं.

सून : तिनं सांगितलं होतं!

सासू : खरं सांगून फसवायची पण रीत असते. तिला ठाऊक, मी तिचं ऐकणार नाही. म्हणून खरं बोलली.

सून : आई, तुम्ही किती हुशार आहात हो.

सासू : टोमणा मार. मार. हक्क आहे तुझा.

सून : मी उतरते. बोगद्याचं तोंड फार मागे नाही. मी पळते, तुम्ही बसा इथंच.

सासू : या बॅगेसकट? त्या हातानं?

सून : बॅग राहू दे. कागद तेवढे घेते.

सासू : आणि बोटीवर काय अंगावरच्या लुगड्यानिशी राहशील? एकटी त्या बोगद्यात नको जाऊस. ऐक माझं. ही तिसरी चाललीच आता. पूल खाली येईलच.

सून : सोडा ना हात. दुखतोय.

सासू : ... हा धरला होता का मी? दिसलं नाही मला. दुखलं का गं फार?

सून : नाही. राहू दे. येईलच म्हणताय ना खाली. बसते.

सासू : बघ, हलला. हलला की नाही? म्हटलं होतं मी. दादा, घ्या आता, पळवा. सूनबाई, तू उतरल्या उतरल्या धाव, मी पैसे देऊन येते मागून. माझ्यासाठी थांबू नकोस. मागे वळून बघू नकोस. पोचल्यावर फोन करू नकोस, तो माझा फोन तपासतो. लेकीची काळजी सोड, छकुलीला तुझी बहीण आहे, मी आहे. जा. दार उघड. जा, जा, जा!

(स्टेशनात, फलाटावर.)

सून : हळू या, आई. पळू नका. गाडी गेली.

सासू : हीच का ती? दुसऱ्या फलाटावर असेल.

सून : ही रिकामी जागा दिसतेय ना, इथंच होती. मी जिन्यावर होते तेव्हा दारं लागत होती.

सासू : मग थेट टॅक्सीनं बंदरावर जाऊ.

सून : विचारलं मी त्या खिडकीत. रस्त्यानं गेलं तर या गाडीच्या नंतरची गाडीसुद्धा आपल्याआधी पोचते.

सासू : ती होती का गाडीत?

सून : दाराशी उभी होती. दार लागेपर्यंत जिन्याकडेच बघत होती.

सासू : आनंद झाला असेल तिला.

सून : तोंडावर तसं दिसलं नाही.

सासू : बस. त्या बाकावर बस. घाम पूस. पाणी आहे पिशवीत.

सून : तुम्ही प्या.

सासू : एजंटला फोन कर. सांग, सासू मेली वाटेत.

सून : केला. म्हणाला, बदली निघालीय, तसं कळवलंय तिनं. तुम्ही आता येऊ नका. पुन्हा फोनही करू नका. आई, परत वाजतोय.

सासू : एजंट?

सून : नाही. त्यांचा. एव्हाना माझं रिकामं कपाट बघितलं असेल. घेते मी. सांगते, डॉक्टरांकडे गर्दी होती. कपडे धुवायला...

सासू : दे इकडे.

सून : आई, नको.

सासू : दे म्हणते ना. हॅलो. हो, मीच... तिचा फोन माझ्याकडे कसा म्हणजे? माझ्या हातात देऊन गेली... गेली. बोटीवर गेली कामाला. सुटली बोट मघाशीच... हो, मीच नेली. मीच एजंट शोधला, मीच कागद केले. ओरड, मला कमी ऐकू येतं, अजून मोठ्यानं ओरड... कुठली बोट ते सांगायला मी काय खलाशी आहे?... येते ना. मी कुठं जाणार? रात्रीपर्यंत येते.

सून : मी इथं आहे, आई.

सासू : ते मला माहीत. त्याला नाही.

सून : मग मी आता जाऊ कुठं? घरी तर... तुम्ही तर मला बोटीवर पाठवून मोकळ्या झालात. माझ्या बहिणीकडे जाते. छकुली आहे तिथं.

सासू : त्यानं आत्ता चपला घातल्या असतील. आधी तिथंच जाईल.

सून : मग?

सासू : थांब. विचार करू दे.

सून : सुचलं काही?

सासू : नाही. मी जुळवलं होतं ते तू बोटीवर चढेपर्यंतचं. त्याच्या पुढचं तू बघणार होतीस.

सून : तुम्ही तरी नका जाऊ घरी. काय करतील याचा नेम नाही.

सासू : मी नाही गेले तर तो शोधत निघेल. मी समोर दिसले की निदान आजचं माझ्यावरच ओरडेल.

सून : नुसतं ओरडणार नाहीत.

सासू : मला माहीत नाही होय? मी जन्माला घातलंय त्याला.

सून : मी काय करू, आई?

सासू : ऊठ, पोरी. तो शिपाई दोनदा बघून गेला. गेलेल्या गाडीच्या तिकिटावर इथं फार वेळ बसू देत नाहीत.