मुळं खाणाऱ्या उंदराला काय आवडतं?

...गाजर! गाजर म्हणे! तुम्हाला सांगते, ह्या अख्ख्या उन्हाळ्यात मी दुसरं काही बोललेच नाहीये! तुम्ही म्हणाल, इर्मेला, एवढासा उंदीर, त्याचं काय घेऊन बसलीस... अहो, हा घरातला उंदीर नाही हो! हा जमिनीखाली बोगदे करतो नि झाडांची मुळं खातो. वरून झाड हिरवंगार, आणि एक दिवस धरून हलवलं की अख्खं हातात! आमची चेरी अशीच गेली. आता बोगदा निघाला येटेच्या सफरचंदाकडे. येटे म्हणजे आमची नात. ती जन्मली तेव्हा लावलेलं झाड ते. मुलाचा संसार मोडला, सून पोरीला घेऊन लांब कील शहरात गेली, आता येटे वर्षातून एकदा येते ती 'माझी सफरचंदं' तोडायला. झाडच गेलं तर कुठल्या तोंडाने बोलवू तिला?

म्हणून जिवंत पकडायचा पिंजरा आणला. बोगद्यात ठेवायचा. पण आत काय ठेवायचं?

आमच्या फोल्करने, माझ्या नवऱ्याने हो, ठेवलं चीज! म्हटलं, "अरे, तो मुळं खातो!" तर म्हणतो, "अगं, एकदा चाखू तर दे बिचाऱ्याला!" सकाळी पिंजऱ्यात गोगलगाय. आणि उंदीर? उंदीर मजेत!

मग शेजारचे टीट्येनआजोबा, कुंपणावर कोपरं टेकून, "गाजर ठेव पोरी, गाजर!" साठी उलटली माझी, पण त्यांना मी पोरच. ठेवलं गाजर. त्याने काय करावं? पिंजऱ्याच्या तोंडात माती कोंबून दारच बंद केलं! उंदीर मजेत!

पलीकडच्या ओटीलीबाई नाकातून म्हणतात, "हातांचा वास येत असेल हो त्याला... साबण कुठला तुमचा?" आता उंदरासाठी साबण बदलू?... बदलला! हातमोजे मातीत घोळवले, सफरचंदाची फोड ठेवली. फोड गायब, पिंजरा रिकामा! फोल्कर म्हणतो, "हुशार आहे गं!" अरे, तू कुणाच्या बाजूने?

थकले हो मी. वाफ्यापाशी मटकन बसले, सेलरीचा एक गड्डा, मातीत वाढतो ना तो जाड कंद, उपटला, तर आतून पोकळ! दुसरा, पोकळ! आणि शेजारची गाजरं? त्यांना दातही लावलेला नाही! म्हणजे साहेबांना हे आवडतं होय? शेवटचा धड गड्डा घेतला नि सुरी लावली. फोल्कर ओरडत आला, "अगं, तो सॅलडसाठी ठेवलाय मी!" म्हटलं, "झाड हवंय की सॅलड?" नि फोड पिंजऱ्यात ठेवली.

सकाळी सापडला की हो! गुबगुबीत, आमच्याच सेलरीवर पोसलेला! झाड वाचलं. शनिवारी येटे आली, बादलीभर सफरचंदं तोडली, मला मिठी मारली... आणि मग पिंजरा बघितला. "आजी, ह्याला रानात सोडू या ना!" निघालो गाडीने. पिंजरा मागे ठेवणार, तेवढ्यात पोरगी म्हणते, "मागे नको, त्याला गाडी लागेल!" फोल्करने लगेच पुढची सीट झटकली.

तर उंदीर मजेत! पुढे, खिडकीशी, पट्टा लावून. आणि मागे मी, मांडीवर बादली. गाडी मला लागते हो, लग्न झाल्यापासून लागते... पण विचारतंय कोण?