आधी सही, मग मजकूर

अनघा, जोशीसाहेब, आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाची तुम्ही सगळी मंडळी, नमस्कार.

आपटे सरांबद्दल दोन शब्द बोल, असं मला सांगितलंय. सरांबद्दल बोलणं अवघड नाही. प्रताप नगरात एका गल्लीत पंचवीस वर्षं काढली आम्ही, मध्ये फक्त दोन घरं. अवघड आहे ते वेगळंच. गेले दहा दिवस मला एका जागी बसवत नाही. आवाज चढला तर चढू द्या, मध्येच थांबवू नका.

सर भौतिकशास्त्राचे. कॉलेजातून निवृत्त झाले तरी प्रयोगवही काही सुटली नाही. टाकीतलं पाणी, गच्चीवरचं तापमान, सगळं वहीत. आधी बघायचं, मग लिहायचं. घरी येणाऱ्या प्रत्येकाला ते हे ऐकवायचे. मलाही ऐकवलं. मी कुठे ऐकलं?

तुम्हाला ठाऊक आहे, सर मंगळवारी संध्याकाळी न्हाणीघरात पडले. कामवाली बाई गावाहून परतली ती शुक्रवारी. तोवर सर गेले होते. मधल्या बुधवारी बीटचे कॉन्स्टेबल भंवरलालजी यायला हवे होते. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पोलिसांनी दर बुधवारी यावं, विचारपूस करावी, रजिस्टरवर सही घ्यावी, हे आपल्याच मंडळानं निवेदन देऊन मागून घेतलं होतं. त्या बुधवारी ते आले नाहीत. पण रजिस्टरमध्ये सरांची सही आहे. भंवरलालजी निलंबित झाले. आत्ता माझ्याआधी तिघं बोलले. पोलीस कामचुकार, पोलीस खोटारडे, सही बनावट.

सही बनावट नाही. सही सरांचीच आहे. आणि ती आगाऊ करायला त्यांना मी लावलं.

ऐका. मे महिना होता. भंवरलालजी दुपारी दोनला माझ्या दारात, शर्ट घामानं चिकटलेला. सकाळी मंत्र्यांचा बंदोबस्त, मग पासपोर्टच्या चौकशा, मग कोर्टाची समन्स, मग आम्ही म्हातारे. अजून नऊ घरं बाकी. मी पाणी दिलं आणि म्हटलं, "भैया, लाओ रजिस्टर. महीने के चारों साइन कर देती हूँ, घर जाओ." ते म्हणाले, "आंटीजी, ऐसे तो नहीं होता. देखना पड़ता है." मी म्हटलं, "दिख तो रही हूँ!" अहो, बत्तीस वर्षं विमा कंपनीत काढली मी. 'इथे सही करा, बाकीचं मी भरते' म्हणत म्हणतच निवृत्त झाले. हाताला सवय. केल्या चार सह्या.

मग सरांना फोन केला. सर भडकले. "सुमनताई, रीडिंग घेण्याआधी नोंद? विद्यार्थ्याला शून्य दिलं असतं मी." मी म्हटलं, "सर, तुमच्या हट्टापायी तो माणूस उन्हात फिरतो." तेव्हा कुठे तयार झाले. केवळ माझ्या शब्दाखातर. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या बुधवारी चार सह्या. हळूहळू बाकीच्या घरांनीही तसंच केलं. मी नावं घेत नाही. खाली बघू नका.

भंवरलालजींची चूक नाही, असं मी म्हणत नाही. आहे. सही झालेली असो नसो, त्यांनी यायला हवं होतं. सुरुवातीला यायचेही. गेटवरून हाक तरी मारून जायचे. मग बंदोबस्त वाढले आणि ती हाकही गेली. रकाने भरलेले, म्हणून ठाण्याला शाबासकी. आपल्यालाही बरं, दुपारची झोप मोडत नव्हती. कुणालाच काही खुपलं नाही.

आणि मी? दोन घरं सोडून राहणारी मी? सरांचा रेडिओ बुधवारी वाजला नाही. गुरुवारी वाजला नाही. माझ्या लक्षात आलं होतं. पण वाटलं, पोलीस बघून जातात ना! पोलीस मागवले आणि शेजारधर्म बंद केला मी. बुधवारी कुणी दार वाजवलं असतं, तर सर वाचले असते का? डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, सांगता येत नाही. ते 'सांगता येत नाही' मला घास गिळू देत नाही.

अनघा, तू फोनवर विचारलंस, "काकू, पोलीस येत होते ना? मतलब, रजिस्टरमध्ये बाबांची साइन आहे." मी म्हटलं, हो. बाळ, मी खोटं बोलले. माफ कर, किंवा नको करूस.

परवा भंवरलालजी घरी आले. साध्या कपड्यांत, हातात रजिस्टर नाही. गेटबाहेरूनच म्हणाले, "आंटीजी, चिंता मत करना. साहब को बोल दिया, गलती मेरी है. आपका नाम नहीं लिया." आणि निघून गेले. त्यांना पाणी विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

आज दारापाशी टेबलावर एक कागद होता. भंवरलालजींना बडतर्फ करा, असं निवेदन जाणार आहे. आत येताना जोशीसाहेबांनी मलाही पेन दिलं. मी कागद पाहिला. खाली अडतीस सह्या. वर कोरा. जोशीसाहेब म्हणाले, "ताई, मजकूर मागाहून टाइप करू. आधी सह्या घेऊन ठेवू."

जोशीसाहेब, रागावू नका. तो कागद माझ्या पर्समध्ये आहे आणि तो मी परत देणार नाही. उद्या अकरा वाजता मी ठाण्यात जाऊन माझा जबाब लिहून देणार आहे. सगळा मजकूर आधी, सही शेवटी. ज्यांच्या त्या रजिस्टरमध्ये चार-चार सह्या आहेत, त्यांनी सोबत यावं. नाही आलात तर मी एकटी जाईन.

आता उभे राहू या. दोन मिनिटं. आपल्या मंडळात दोन मिनिटं म्हणजे जेमतेम पाऊण मिनिट असतं. कुणीतरी खुर्ची सरकवतं, सगळे बसतात, आणि इतिवृत्तात 'दोन मिनिटे मौन' असं लिहिलं जातं. आज तसं नको. सरांचं घड्याळ अनघाच्या मनगटावर आहे. ती म्हणेल तेव्हाच बसायचं.

सर, तुमच्या सुमनताईचा नमस्कार.

अनघा, काटा बघ बाळ. कर सुरू.